क्वांटम डॉट टीव्ही: बडोद्यातील नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नवरात्राच्या आठवडाभर आधी आम्ही ५५ इंची क्वांटम डॉट टीव्ही घेतला, त्याला आता नऊ महिने झाले. दांडिया बाजारातील आमच्या घराची बैठक पश्चिमेला उघडते. दुपारी चारनंतर ऊन थेट पडद्यावर येते आणि जुन्या संचावर त्या वेळी बातम्या नुसत्या ऐकाव्या लागत. ती अडचण पहिल्याच दिवशी संपली. गरब्याच्या प्रक्षेपणात चनिया-चोळीचे लाल, राणी आणि डाळिंबी हे रंग वेगवेगळे ओळखू आले. पूर्वी तिन्ही एकाच विटकरी छटेत मिसळत असत.

माझे आयुष्य पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे कारण तपासल्याशिवाय राहवले नाही. बुटांच्या खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडली, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला आणि पांढऱ्या पडद्याचा वर्णपट पाहिला. जुन्या संचात निळ्यानंतर हिरव्यापासून लालपर्यंत एकच पसरट पट्टा दिसतो. नव्यात निळा, हिरवा आणि लाल असे तीन सुटे पट्टे, मध्ये काळोख.

या संचात मागे निळे एलईडी आहेत. त्यांचा सुमारे ४५० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश एका पातळ फिल्ममधून जातो, जिच्यात काही नॅनोमीटर आकाराचे अर्धवाहक स्फटिक, म्हणजेच क्वांटम डॉट, विखुरलेले असतात. फोटॉन शोषला गेला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या वहनपट्ट्यात जातो आणि मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे विवर, उरते. दोघेही जादा ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांना देऊन पिकोसेकंदाच्या (नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) आसपास आपापल्या ऊर्जापट्ट्याच्या काठाशी येतात, आणि त्यानंतर, त्या मानाने फारच सावकाश, साधारण १० ते १०० नॅनोसेकंदांत पुन्हा एकत्र येऊन प्रकाश सोडतात. कण जितका लहान तितकी त्यांची कोंडी अधिक आणि सुटणाऱ्या प्रकाशाची ऊर्जाही जास्त, म्हणून एकाच पदार्थाचे लहान कण हिरवे आणि मोठे कण लाल उजळतात. वर्णपटातील रंगांचे पट्टे अरुंद राहण्यासाठी सगळे कण जवळजवळ एकाच मापाचे हवेत. तशी मापे साधण्याची रीत मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये दाखवली. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता.

टिकाऊपणाची मला धास्ती होती. कणाच्या पृष्ठभागावरील अपुऱ्या बंधांत इलेक्ट्रॉन किंवा विवर अडकले, तर प्रकाशाऐवजी उष्णताच मिळते. ते टाळण्यासाठी कणाभोवती झिंक सल्फाइडसारखे कवच चढवतात आणि फिल्मला हवा-ओलाव्यापासून जपतात. मे महिन्यातील दुपारी पंख्याखाली संच तासन्‌तास चालला, तरी रंग उतरल्याचे डोळ्यांना जाणवले नाही. जून महिन्यात खोक्यातून पुन्हा पाहिले, तेव्हा पट्टे जागच्या जागी होते. अर्थात दोन-चार नॅनोमीटरचा फरक त्या खोक्याला कळणारही नाही. पडद्याची पाठ मात्र गरम होते. प्रत्येक शोषलेल्या फोटॉनमागे एक फोटॉन बाहेर पडला, तरी ४५० नॅनोमीटरच्या निळ्यापासून ६३० नॅनोमीटरचा लाल बनवताना सुमारे २८ टक्के ऊर्जा उष्णतेत जातेच. बाकीची उष्णता एलईडींची आणि वीजपुरवठ्याच्या मंडलाची.

तक्रार आहे ती काळ्या रंगाची. दुकानातील विक्रेत्याने प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो असे ठासून सांगितले होते, आणि मीही त्या वेळी मान डोलावली, याची आता लाज वाटते. डॉट फक्त निळ्या प्रकाशाचा रंग बदलतात. प्रकाश अडवण्याचे काम जुन्याच एलसीडी पडद्याकडे आहे. त्यामुळे रात्री दिवे मालवून चित्रपट पाहताना आकाश काळ्याऐवजी राखाडी दिसते आणि उपशीर्षकांभोवती धूसर वलय उमटते. सेवाकेंद्राने सॉफ्टवेअर अद्ययावत करायला सांगितले; केले, फरक शून्य. आता टीव्हीमागे मंद दिवा ठेवतो, तेवढ्याने राखाडीपणा पुष्कळ लपतो.

कारखान्यातून आलेली भडक रंगयोजना बदलून चित्रपटाची निवडावी, नाहीतर माणसांचे चेहरे गुलाल उधळल्यासारखे दिसतात. बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात, म्हणून सौभाग्यवतींनी आपली आरामखुर्ची खिडकीजवळून उचलून बरोबर पडद्यासमोर मांडली आहे.