ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी ८३,९९९ रुपये गेले

आधी वाचा, मग मला हसा. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल (म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) आली तर तिला हात लावू नका. फाईल ओळखीच्या नंबरावरून आली तरी नाही, त्याचाही फोन हॅक झालेला असू शकतो.

मेसेजमध्ये माझ्या स्कूटरचा जीए-०५ चा नंबर बिनचूक होता. हेल्मेट नाही म्हणून दंड १,००० रुपये. फोंड्याहून पणजीला जाताना मेरशीचा सिग्नल रोजचाच, तिथले कॅमेरे चलन काढतात हे अख्ख्या गोव्याला माहीत. खरं का वाटू नये? शिकलासवरलेला माणूस वगैरे कुणी ऐकवू नका. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर घालून बघायचं असतं, हे आता सगळे सांगतात.

फाईल उघडली तेव्हा फोनने इशारा दिला होता, 'ही फाईल हानिकारक असू शकते'. असले इशारे कोण वाचतो? पण त्याच्या पुढच्या पानाने अजून झोप उडते. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. दंड घेणाऱ्याला माझे मेसेज कशाला हवेत? मी 'अलाऊ' दाबलं आणि ॲपचं चिन्हच स्क्रीनवरून गेलं. मला वाटलं, नेट स्लो. तेव्हाच फोन एअरप्लेन मोडवर टाकायला हवा होता!

रात्री ४९,०००, मग २५,०००, शेवटी ९,९९९. ओटीपी माझ्या फोनवर येऊन परस्पर त्यांच्याकडे जात होते.

बँकेतली बाई म्हणे, "ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच दिलात." खात्यातून परस्पर पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी किती, हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे केलं, तर त्यातलाच ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा मुद्दा माझ्या तोंडावर मारला. पोलीस ठाण्यात, "पैसे परराज्यात गेलेत, आमची हद्द नाही." साहेब, नव्या कायद्यात झिरो एफआयआर आहे ना, हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवायची? "दुपारनंतर या." दुपारनंतर साहेब बंदोबस्ताला! टेबलामागे सायबर जागृतीचा फलक मात्र चकचकीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पैसे गेल्या गेल्या फोन करा, सकाळची वाट बघू नका. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकली की गेलीच. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. चिन्ह दिसत नसलं तरी सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत ते बसलेलं असतं, तिथून काढा.

माझे ९,९९९ तेवढे गोठवलेत. ते सोडवायला आता कोर्टाचा आदेश आणा म्हणतात.