अ‍ॅमस्टरडॅमचे बेखाइनहॉफ: बायकांच्या मालकीने वाचवलेली घरे

अ‍ॅमस्टरडॅममधल्या स्पाउ चौकात कमानीचे एक लाकडी दार आहे, बेखाइनहॉफचे, म्हणजे बेखाइन म्हणवणाऱ्या धार्मिक बायकांच्या जुन्या आवाराचे. शेजारी कॅफे आणि पुस्तकांची दुकाने असल्यामुळे ते सहज नजरेतून सुटते. मेट्रोच्या ५२ नंबरच्या लाइनने रोकिनला उतरा आणि स्पाउकडच्या तोंडाने बाहेर या, तिथून चालत चारपाच मिनिटे. दुसरे दार खेडेम्प्टे बेखाइनेनस्लोट या गल्लीत आहे. या नावाचा अर्थच 'बुजवलेला बेखाइनांचा पाट'. पूर्वी आवाराच्या कडेने पाणी होते, त्यातलेच हे बुजवलेले.

आत हिरवळीभोवती ४७ घरे आहेत. वाड्याच्या चौकात शिरल्यासारखे वाटते, आणि पायाला उतारही जाणवतो. भोवतालचे शहर भराव घालून वर येत गेले, हे अंगण मात्र मध्ययुगातल्याच पातळीवर राहिले, म्हणून ते रस्त्यापेक्षा जवळपास मीटरभर खाली आहे.

बेखाइन म्हणजे अविवाहित किंवा विधवा कॅथलिक बायका. त्या देवाधर्मात राहत, आजाऱ्यांची शुश्रूषा करत, पण जोगिणींसारखे आजन्म व्रत त्यांना नव्हते. लग्न करायचे तर आवार सोडून जाता येई. त्यांच्या वस्तीचा उल्लेख १३४६ पासून सापडतो. १५७८ मध्ये शहर प्रोटेस्टंटांच्या हातात गेले, मठांच्या इमारती जप्त झाल्या. हे आवार वाचले, कारण घरे बायकांच्या खाजगी मालकीची होती. गेले ते मधले चर्च. १६०७ मध्ये ते इंग्रजी बोलणाऱ्या प्रोटेस्टंटांना दिले गेले. त्याच्या प्रवचनाच्या व्यासपीठावरची पॅनेल चित्रकार पीट मोंद्रियानने तरुणपणी आखली आहेत, दार उघडे असेल तर जरूर बघावीत.

चर्च गेल्यावर बायकांनी समोरची दोन घरे आतून जोडून आपले देऊळ केले, १६७१ मध्ये. अट एकच होती, बाहेरून ते देऊळ वाटता कामा नये. आजही पुढून नुसते घर दिसते. आत शिरल्यावर उंची आणि उजेड अंगावर येतो. आवारातले सगळ्यात हुशार बांधकाम मला हेच वाटते.

३४ नंबरचे लाकडी घर १५२८ च्या सुमाराचे. शहरात लाकडी दर्शनी भाग असलेली आता दोनच घरे उरलीत, दुसरे झेडाइक या रस्त्यावर. १४२१ आणि १४५२ च्या मोठ्या आगींनंतर नियम कडक होत गेले आणि पुढे लाकडी घरांवर बंदीच आली. बाकीची घरे विटांची दिसतात म्हणून फसू नका. त्यांतल्या १८ घरांच्या आत अजून जुना लाकडी सांगाडा उभा आहे, विटांचा चेहरा नंतर चढवलेला. लाकडी घराच्या मागच्या भिंतीत पाडलेल्या घरांचे कोरीव दगड बसवले आहेत. घरांना नंबर नव्हते तेव्हा हेच दगड पत्त्याचे काम करत.

हिरवळीच्या कडेला कॉर्नेलिया आरेन्सची आठवण म्हणून एक दगड आहे. ती १६५४ मध्ये वारली. हातातून गेलेल्या चर्चमध्ये पुरण्यापेक्षा मला गटारात पुरा, असे तिने सांगितल्याची गोष्ट इथे सांगतात.

शेवटची बेखाइन १९७१ मध्ये वारली. घरे मात्र रिकामी नाहीत. एका संस्थेमार्फत ती आजही एकट्या बायकांनाच भाड्याने मिळतात, शंभरेक जणी राहतात. प्रवेश फुकट असल्याने लोक बाग समजून येतात, खिडक्यांना कॅमेरे लावतात, आणि म्हणूनच आवाराचा बराच भाग पाहुण्यांना बंद असतो. गाइडबरोबरचे गट, सायकली, कुत्री आत चालत नाहीत. माहितीचे फलक फार तोकडे आहेत, ही खरी उणीव. वाचून न गेलात तर दहा मिनिटांत बाहेर पडाल.

सकाळी उघडताच जा, दुपारी दारातच गर्दी होते. संध्याकाळी दार लवकर लावतात. दगडी फरशी पावसात निसरडी होते, तेव्हा चपलांऐवजी बूट घाला.