४२,००० डॉलरची पावती दाखवून माझी रोसा नेली

२९ मार्च २०२४ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये माझ्या घराच्या दारातून एक माणूस माझी रोसा बस घेऊन गेला. किल्ल्या मी माझ्या हातानं दिल्या. ४२,००० डॉलर बुडाले. दोन महिने कुणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. गेल्या आठवड्यात इथल्याच एका मराठी कुटुंबाला व्हॅन विकताना हुबेहूब असाच गिऱ्हाईक भेटल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

बस मित्सुबिशी फुसो रोसा, २००४ची, ४.९ लिटर टर्बो डिझेल, पाच गिअरची, फोर व्हील ड्राइव्ह. जपानमध्ये वापरून इकडे आलेली. कॅम्परसाठी, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीसाठी, लहान बस शोधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: साध्या रोसा आणि टोयोटाच्या कोस्टर हव्या तेवढ्या मिळतात, फोर व्हील ड्राइव्हची मिळाली तर लोक लांबून बघायला येतात. २०२१मध्ये मी ती ३१,०००ला घेतली. सीटा काढल्या, इन्सुलेशन घातलं, प्लायवूडची जमीन केली, त्यात ६,८५० गेले. मग जून २०२३मध्ये कायदा बदलला, सेल्फ-कंटेन्ड दाखल्यासाठी (गाडीत राहायच्या सगळ्या सोयी असल्याचा दाखला) टॉयलेट पक्कं बसवलेलंच हवं झालं. आमचा सगळा आराखडा मोडला. त्यातच मुलीची युनिव्हर्सिटी सुरू झाली. विकायचं ठरवलं आणि ४२,५०० किंमत लावली. हावरेपणानं लावली नव्हती. साडेतीन टनांवरची गाडी, सीओएफ, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला, नवा करून घेतला होता, आरयूसीचे, म्हणजे डिझेल गाड्यांच्या रस्ताकराचे, ५,००० किलोमीटर आधीच भरून ठेवले होते.

गिऱ्हाईक फोनवर मर्यादेनं बोलला. रविवारी, २४ तारखेला संध्याकाळी, त्यानं ५०० डॉलर बयाणा पाठवला. तासाभरात खात्यात जमा. लायसन्सचा फोटोही स्वतःहून पाठवला. हे ५०० लक्षात ठेवा.

शुक्रवारी सकाळी दहाला तो आला, बरोबर एक मित्र. बसखाली मी ताडपत्री अंथरून ठेवली होती, टॉर्चही ठेवला होता. जपानच्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडच्या गाड्या खालून गंजतात. म्हणून अशी बस घेणारा आधी आडवा होऊन चॅसी बघतो, सीट आणि स्टिअरिंग नंतर. मी स्वतः विकत घेताना चाळीस मिनिटं खाली पडून होतो, स्क्रू ड्रायव्हरनं प्रत्येक जोड टोचून पाहिला होता. हा माणूस गुडघ्यावरसुद्धा बसला नाही. मी म्हटलं, खाली बघून घ्या. तो म्हणाला, फोटो बघितलेत, तुमच्यावर विश्वास आहे. फोर व्हीलबद्दलही काही विचारलं नाही! जी गोष्ट आहे म्हणून ही बस एवढ्या किमतीला जाते, तीच त्यानं विचारली नाही. विचारलं एवढंच, "दोन्ही किल्ल्या आहेत ना?"

तिथंच मला कळायला हवं होतं. त्याऐवजी मला बरं वाटलं, की माझ्या कामावर कुणीतरी विश्वास ठेवला. ती ताडपत्री संध्याकाळी मी जशीच्या तशी उचलली, तिच्यावर एक सुरकुती नव्हती.

मग त्यानं मोबाइलवर ४२,००० पाठवल्याचं दाखवलं आणि पावती मला ईमेल केली. माझं नाव बरोबर, खाते क्रमांक बरोबर. असणारच, बयाण्यासाठी मीच दिला होता. म्हणाला, ईस्टर आहे, बँका बंद, मंगळवारी जमा होईल. बायको मला आत बोलावून म्हणाली, "अहो, त्याचे पाचशे तर रविवारीच आले होते ना?" मे २०२३पासून इथल्या बँकांचे व्यवहार सुट्टीच्या दिवशीही होतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मीच तिला सांगितलं, मोठ्या रकमेला वेळ लागतो. त्याच्या खोटेपणाचं समर्थन मी केलं, त्याला करावं लागलं नाही.

माझीही बाजू आहे. मोठ्या रकमा बँका खरंच कधीकधी अडवून ठेवतात. शनिवारच्या फेरीबोटीचं बुकिंग त्यानं दाखवलं, वेलिंग्टनपर्यंत रात्रीतून गाडी न्यायची म्हणाला. लायसन्सवरचा फोटो त्याच्यासारखाच दिसत होता. समोर उभ्या माणसाला, चहा प्यायलेल्या माणसाला, तोंडावर चोर कसं म्हणायचं? आता सांगतो, म्हणा. पैसे तुमच्या खात्यात, तुमच्या अॅपमध्ये दिसेपर्यंत किल्ली खिशातून काढू नका. त्याची पावती, त्याचा स्क्रीनशॉट, त्याचा मोबाइल, काही बघू नका.

त्याच संध्याकाळी मी मालकी बदलल्याची ऑनलाइन नोंदही केली. टोल आणि दंड आपल्या नावावर नकोत म्हणून. नियम पाळण्याची ही घाई पुढे मला सगळ्यात महागात पडली.

मंगळवारी काही नाही. बुधवारी त्याचा फोन बंद.

बँकेत गेलो. तिथली बाई म्हणाली, तुमच्या खात्यातून पैसे गेलेलेच नाहीत, म्हणजे आमच्याकडे तुमची फसवणूक झालेली नाही. पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी म्हणाला, किल्ल्या तुम्ही दिल्या, नोंद तुम्ही बदलली, हा चोरीचा प्रकार नाही, पैशाचा वाद आहे, दिवाणी. डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे, म्हणजे लहान दाव्यांच्या लवादाकडे, जा. तिथली मर्यादा तेव्हा ३०,००० डॉलरची होती, आणि समोरच्याचा पत्ता हवा. पत्ता लायसन्सवरून घेतलेला. मी तिथे स्वतः गेलो. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या बाईनं. तिच्या मुलाचं पाकीट फेब्रुवारीत चोरीला गेलं होतं, लायसन्ससकट. हा धागा मी पोलिसांना हातात नेऊन दिला, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला तक्रार लिहून घेतली. तेरा दिवस गेले होते. तेरा दिवसांत फोर व्हीलची रोसा कुठल्या कुठे जाते! वाहन नोंदणीवाल्यांना विनवलं, नोंद मागे फिरवा. उत्तर, नोंदणीतलं नाव म्हणजे मालकी नव्हे, आम्ही त्यात पडत नाही. मग मालकी म्हणजे काय, हे सांगायला कुणी तयार नाही. आठ काउंटर झाले, प्रत्येकानं पुढचा काउंटर दाखवला. एकानंही "हे वाईट झालं" एवढं म्हटलं नाही.

आणि एप्रिलच्या अखेरीस बँकेचा फोन आला. ते ५०० डॉलर दुसऱ्याच कुणाच्या हॅक झालेल्या खात्यातून आले होते, परत करायला तुमची संमती हवी. मी दिली. तो खातेदारही माझ्यासारखाच फसलेला. पण माझ्या ४२,०००साठी ज्यांना तेरा ओळींचं ईमेल वाचायला वेळ नव्हता, त्यांना ५००साठी माझा नंबर बरोबर सापडला.

वकिलानं सांगितलेलं एक महत्त्वाचं: फसवणूक कळताक्षणी सौदा रद्द केल्याचं लेखी कळवा, पोलिसांनाही. तोवर चोरानं ती एखाद्या निर्दोष माणसाला विकली, तर गाडी त्या माणसाचीच राहू शकते. मी ते लिहायला नऊ दिवस लावले, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. लायसन्स फोटोत नाही, हातात घेऊन बघा. सुट्टीच्या आठवड्यात व्यवहार नको. दुसरी किल्ली पैसे येईपर्यंत घरात. आणि बायको काही विचारत असेल तर उत्तर देण्याआधी थांबा.

बस पांढरी, कमरेवर निळा पट्टा. मागच्या आपत्कालीन दारावर लाल जपानी अक्षरांचं स्टिकर आहे, 'हिजोगुची'. मुलीनं ते वाचायला शिकून घेतलं होतं, म्हणून काढलं नाही. उजवा खालचा कोपरा फाटलेला आहे. आत प्लायवूडच्या जमिनीत ड्रायव्हरमागे पेन्सिलनं लिहिलेली मापं आहेत, माझ्या अक्षरात, मराठी आकड्यांत. ती पुसायला जमीन उखडावी लागेल. न्यूझीलंडमध्ये कुठे रोसा विकत घ्यायला गेलात, तर गालिचा उचलून तेवढं बघा आणि पोलिसांना १०५ नंबरवर कळवा.