ब्रिटनची सीएफडी योजना: भरतीच्या विजेला उपयोगी, लाटांच्या नाही

भरती-ओहोटीच्या प्रवाहावर टर्बाइन चालवणाऱ्यांसाठी ब्रिटिश सरकारची ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स’ (सीएफडी) योजना मोठा आधार आहे. लिलावात ठरलेला दर १५ वर्षं, महागाईनुसार वाढत मिळतो. बाजारभाव त्याखाली गेला की फरक सरकारी मालकीची कंपनी देते. वर गेला की उत्पादक परत करतो. उत्पन्नाचा अंदाज बांधता आल्यामुळे कर्ज मिळणं सोपं होतं.

सगळी मदार या टर्बाइनसाठी वेगळ्या ठेवलेल्या राखीव निधीवर आहे. २०१९च्या फेरीत या टर्बाइनना समुद्री पवनचक्क्यांशी थेट दराची स्पर्धा करावी लागली आणि एकही कंत्राट हाती आलं नाही. २०२२मध्ये वर्षाला २ कोटी पौंड वेगळे काढले. लगेच सुमारे ४१ मेगावॉटला १७८.५४ पौंड प्रति मेगावॉट-तास दर मिळाला. २०२४मध्ये तो १७२ वर उतरला. हे आकडे २०१२च्या किमतींतले आहेत, आजच्या खर्चाशी थेट ताडून पाहू नका.

उणिवाही गंभीर आहेत. २०२३मध्ये समुद्री पवनऊर्जेच्या बोलीच्या दराची कमाल मर्यादा प्रति मेगावॉट-तास ४४ पौंड (२०१२च्या किमतींत) ठेवली. पोलाद आणि व्याज महागलेलं असताना एकही बोली आली नाही. लाटांच्या विजेसाठी स्वतंत्र राखीव रक्कमच नाही, म्हणून तिला अजून काही मिळालेलं नाही. ग्रिडची जोडणीही कंत्राटात येत नाही, ती स्वतः मिळवावी लागते.

भारताने २०२४मध्ये मंजूर केलेले ७,४५३ कोटी रुपये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्री पवनऊर्जेसाठी आहेत. भरतीच्या विजेसाठीही ब्रिटनसारखा छोटा राखीव हिस्सा आपल्याकडे हवाच.