क्लोरीन तपासायचं डीपीडी किट: आठ महिने वापरून लिहितेय

वस्तीत जुलाबाची साथ येऊन गेली त्यानंतर आम्ही दहाबारा जणांनी वर्गणी काढून हे किट घेतलं. छोटी डबी, नळ्या, डीपीडी रसायनाच्या गोळ्या (पाण्यात क्लोरीन असला की गुलाबी रंग येतो) आणि गुलाबी छटांची रंगपट्टी, बस. १० मिली पाणी घ्यायचं, एक नंबरची गोळी टाकून विरघळवायची आणि लगेच रंग जुळवायचा, शाळेतली पोरंही करतात, फक्त गोळीला बोट लावायचं नाही.

नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे, साथ चालू असेल तर ०.५. आम्ही टाकीजवळचा, मधला आणि अगदी शेवटचा असे तीन नळ धरले आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहायला लागलो. टाकीजवळ ०.५ आणि शेवटच्या नळाला शून्य! तीन दिवस तेच. पाणी सोडणाऱ्यांना फळ्याचा फोटो दाखवल्यावर त्यांनी लाईन उकरली तर गटाराकडेला जोड गळत होता. आधी तोंडी कितीदा सांगितलं तरी "पाणी चांगलंय" एवढंच उत्तर मिळायचं.

पण मला खरा धक्का दिला तो घरातल्या पिंपाने. सकाळी नळाला ०.५, तेच पाणी पिंपात संध्याकाळी शून्य, कारण झाकण नाही आणि येईल तो भांडं हातासकट बुडवतो. मग आम्ही भाषणं बंद केली, ज्याच्या त्याच्या पिंपातलं पाणी त्याच्यासमोर तपासलं, रंगच आला नाही हे डोळ्यांनी बघितल्यावर आठवड्याभरात बऱ्याच घरी झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं आलं.

आता खटकलेलं. क्लोरीन फारच जास्त असला तर रंग उडून जातो आणि शून्य वाटतं, शंका आली तर क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून परत बघा. आणि रंग आला म्हणजे सगळे जंतू मेले असं नाही हं, क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून फळ्यावर आज किती घरांत जुलाब तेही लिहितो, नावं नाही फक्त आकडा, एका गल्लीत दोनतीन घरं दिसली की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला फोन आणि घरोघरी ओआरएस.

रिफिल घेताना जपून. एका दुकानदाराने "सेमच आहेत" म्हणून चार नंबरच्या गोळ्या दिल्या, त्या एकूण क्लोरीन दाखवतात, म्हणजे पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडला गेलेलाही, जंतू मारायला खरा उपयोगी असलेला मोकळा तेवढाच नाही, आठवडाभर आकडे छान येत होते आणि आम्ही निवांत! फार राग आला. पाकिटावर १ बघूनच घ्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा रंगपट्टीचा कापला, ०.१ आणि ०.२ मधला फरक पटकन कळत नाही, आमच्याकडे दोघांनी बघितल्याशिवाय आकडा फळ्यावर चढत नाही.