चालण्याच्या ग्रुपची हंगामअखेरची अलिबाग सहल: रविवार पाहिला, तिथी नाही

ऑक्टोबर ते मार्च असा पूर्ण हंगाम या ग्रुपबरोबर चालून झाला. रविवारी पहाटे जमायचं, आठ-दहा किलोमीटर चालायचं, शेवटी चहा-पोहे, हे सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. हंगामाची वर्गणी जानेवारीपर्यंत महाग वाटत होती. आता वाटत नाही, कारण शेवटच्या माणसाच्या मागे शिटी घेऊन चालणारा एक स्वयंसेवक प्रत्येक वेळी असतो आणि तो खरंच शेवटी असतो. बाकीच्या ग्रुपांत तो अर्ध्या वाटेत गप्पा मारत पुढे निघून जातो. या एका गोष्टीचे पैसे वसूल झाले.

हे लिहायचं कारण मात्र मार्चमधली सांगतेची सहल. गेटवेहून बोटीने मांडवा, मांडव्याहून बोटीच्या तिकिटातल्याच बसने अलिबाग, तिथल्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी, मग घरगुती खानावळीत जेवण. कागदावर उत्तम आखणी. फक्त तारीख ठरवताना कॅलेंडरवरचा रविवार पाहिला, त्याच चौकटीत बारीक अक्षरात छापलेली तिथी कोणी वाचली नाही. त्या दिवशी द्वितीया होती.

कुलाबा किल्ल्याला पायी जायचं तर ओहोटी लागते, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. ती किती वाजता असते याचा हिशेब किनाऱ्यावरची कुठलीही आजी तोंडी सांगते: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटे आणि दुपारी. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. नेमकी मिनिटं हवी असतील तर मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक उघडावं; तोंडी हिशेबात पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडे-तिकडे होतो. पण दिवस निवडायला तोंडी हिशेब पुरतो.

आता द्वितीया. भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साधारण सव्वासातला. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास एवढीच पायवाट धरावी. म्हणजे पावणेनऊला खेळ संपला. आणि ग्रुप आठनंतरच्या बोटीने निघालेला! तासभर समुद्रात, पाऊण तास बसमध्ये, किनाऱ्यावर पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले आणि पाणी निम्म्यावर चढलेलं. द्वितीया उधाणाच्या, म्हणजे सर्वात मोठ्या भरती-ओहोटीच्या, जवळची, त्यामुळे पाणी भराभर येतं. शिवाय ते सरळ समोरून येत नाही. आधी किल्ल्याच्या बाजूच्या सखल घळी भरतात, मधला वाळूचा उंचवटा कोरडा राहतो, आणि माणसाला वाटतं अजून वेळ आहे.

पायी जाणं रद्द झालं, मग होडी. चाळीस माणसं, एक होडी, तिच्या फेऱ्या, वर माणशी वेगळे पैसे. पहिली फेरी किल्ल्यात उतरली तेव्हा शेवटची फेरी वाळूवर उन्हात उभी. परतताना पुन्हा तेच. एकचं जेवण पावणेतीनला.

या जेवणावर ग्रुपमध्ये बरीच टीका झाली: भाकरी वातड, मासा मऊ, सोलकढी आंबूस. आमचंही पहिलं मत तेच होतं. नंतर खानावळीला दिलेला निरोप पाहिला, त्यात ‘एक वाजता, चाळीस पानं’ एवढंच होतं. मग खानावळीने साडेबाराला तवे चढवले यात तिचं काय चुकलं? तांदळाची भाकरी उकड काढून केलेली असली तरी तव्यावरून उतरल्यावर वीस-पंचवीस मिनिटंच तिची. झाकून ठेवली की घाम सुटून चिकट होते, उघडी ठेवली की कडक. रव्यात घोळवून तळलेल्या सुरमईचा रवा अर्ध्या तासात आतल्या वाफेने नरम पडतो. पुन्हा तळली तर मासा कोरडा. सोलकढीतलं नारळाचं दूध मार्चच्या दुपारी बर्फाशिवाय दोन-तीन तासांत बिघडायला लागतं. कालवण आणि भात तेवढे टिकतात, आणि कालवण त्या दिवशीही अप्रतिम होतं. त्रिफळ या कोकणी मसाल्याचा वास, आंबटपणाला कोकम, खोबरं पाट्यावर वाटल्यासारखं बारीक. खानावळीला पाचपैकी चार, सहलीच्या आखणीला दोन.

जेवण कसं सांगावं, हेही इथेच. आदल्या संध्याकाळी नुसती डोकी कळवू नयेत. किती सुरमई, किती बांगडा, किती शाकाहारी, हे वेगवेगळं कळवावं, कारण मासळी सकाळी बाजारातून येते आणि नंतर वाढवता येत नाही. सुरमईचा तुकडा पातळ येतो ही तक्रार असेल तर नुसतं ‘सुरमई’ न सांगता तुकड्याची जाडी बोटाने सांगावी. दीड किलोच्या सुरमईचे डोकं-शेपटी सोडून दहा बरे तुकडे पडतात, त्याच सुरमईचे पंधरा पाडले की तव्यावर वाळतात. खरं तर ग्रुपने बांगडाच सांगावा. थाळीमागे पैसे वाचतात आणि अख्खा बांगडा पानात पडल्यावर माझा तुकडा लहान, तुझा मोठा हे होत नाही. शाकाहाऱ्यांना वालाचं बिरडं मागावं. वाल भिजवून, मोड आणून, सोलावे लागतात, म्हणून ते दोन दिवस आधी कळवायचं. आयत्या वेळी कळवलं तर बटाट्याची भाजी मिळते आणि मिळालीही. निघताना भाकऱ्यांसाठी ‘आम्ही किनाऱ्यावरून निघालो’ असा एक फोन करावा, तेवढ्यात पहिला तवा तापतो.

सहलीच्या जाहिरातीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, हीही होती. मार्चअखेर! पोपटी थंडीतली. कोवळ्या वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं, वरून जाळ, पाण्याचा थेंब नाही. शेंगा जून झाल्या की आतले दाणे पिठूळ लागतात. ती रद्द झाली हे बरंच झालं, छापायलाच नको होती.

किल्ल्यातली माहिती मात्र चांगली मिळाली, हे कबूल. तटाचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, हे प्रत्यक्ष तटापाशी उभं करून दाखवलं. सिद्धिविनायकाचं मंदिर, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं, गाड्यावरच्या तोफा, शेजारचा सर्जेकोट हा छोटा किल्ला. पण होडीच्या वेळापत्रकामुळे शेवटच्या फेरीवाल्यांना हे सगळं वीस मिनिटांत.

मग दिवस कुठला धरायचा? सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी हवी, म्हणजे चतुर्थी ते षष्ठी. अष्टमीला ओहोटी बाराला येते, पण ती भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतली. पाणी पुरतं हटत नाही, मधल्या पट्ट्यात घोटा ते गुडघा राहतं आणि टांगेवाल्यांचं फावतं. चतुर्थी हिशेबाने चांगली, पण वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, अर्धा ग्रुप उपाशी. वद्य पंचमी धरावी तर फाल्गुनात ती रंगपंचमी. चैत्र शुद्धात नवरात्र पाळणारे मासे खात नाहीत. उरते फाल्गुन शुद्ध पंचमी किंवा षष्ठी. तो वार सोमवार, गुरुवार किंवा शनिवार निघाला तर मत्स्याहाराचं पुन्हा बघावं लागेल, पण रविवारच हवा हा हट्ट कशाला? ग्रुपमधले बहुतेक निवृत्त आहेत. बुधवारी बोटीला रांग नाही, खानावळीत घाई नाही. आणि रविवारच हवा असेल तर हे लक्षात ठेवावं: या रविवारी द्वितीया असेल तर पुढच्या रविवारी नवमी, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा प्रतिपदा-द्वितीया. पंधरवड्यामागे एखाददुसरी तिथीच सरकते, म्हणून एक आठवडा पुढे ढकलून प्रश्न सुटत नाही.

षष्ठीचा दिवस असा बसतो: पहिली बोट, नऊच्या सुमारास अलिबाग, साडेनऊला वाळूत पाय, दहाच्या आत किल्ला, सव्वाअकराला परतीला, पावणेबाराला किनारा, साडेबाराला पानं. पायांत मागून पट्टा असलेले फ्लोटर. अनवाणी नको, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा तळवा चिरतात. कापडी बूट खाऱ्या पाण्यात भिजले तर त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढावेत, मीठ वाळलं की शिवण सुटते.

दुपार मोकळी राहिली तर वाळूवर पत्ते कुटण्यापेक्षा अलिबागजवळच्या आक्षी गावातला शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मराठी शिलालेख बघून यावं. समुद्राकाठाने चालत जाता येत नाही, मध्ये खाडी आहे, रिक्षा करावी. परतीची बोट उन्हं उतरायच्या आतली धरावी, दुपारनंतर वारा वाढतो आणि वरच्या डेकवर शिंतोडे उडतात.

पांढऱ्या कांद्याची माळ हा या सहलीचा एकमेव निखळ फायदा. भातानंतर लावलेला कांदा याच दिवसांत निघतो. बोट गाठायच्या घाईत रस्त्यावर मागतील तो भाव देऊ नये, गावातल्या बाजारात घ्यावी. वेणी उचलून मानेशी दाबून बघावी, मान मऊ लागली तर कांदा ओला आहे, महिन्याभरात सडेल. पुढच्या हंगामाची वर्गणी भरणार. सहलीचे पैसे मात्र तारखेशेजारी तिथी लिहून आल्यावरच.