बॅलन्सिंगच्या नावाखाली बीएमएसच बायपास केला! ई-स्कूटरची बॅटरी दुरुस्तीला देताय?

ई-स्कूटर दोन-तीन वर्षं जुनी असेल तर हे जरूर वाचा. पैसे तर जातातच, पण इथे घराला आग लागण्याचा धोका आहे. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारा आणि धोका दिसला की वीज तोडणारा सर्किट बोर्ड. तो बायपास केला की हे संरक्षणच जातं.

माझी गाडी वारज्याच्या पुलावर चढताना मध्येच बंद पडायची, तीही चार्जिंग निम्मं दिसत असताना. सिंहगड रस्त्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने बॅटरी पाहून सांगितलं, "ताई, सेल इम्बॅलन्स झालेत. बॅलन्सिंग करतो आणि बीएमएस नवा टाकतो." म्हणजे सेलमधला चार्ज कमीजास्त झालाय, तो सारखा करायचा. निदान बरोबर होतं. साडेचार हजार घेतले, बिल दिलं नाही, तासाभरात पॅक हातात. आणि गाडी खरोखरच बंद पडायची थांबली.

मेख तिथेच होती. 48 व्होल्टच्या अशा लिथियम पॅकमध्ये सेलचे बहुधा 13 गट सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असतात. एक जरी गट कमजोर असला तरी तो आधी रिकामा होतो आणि त्याला वाचवायला बीएमएस सगळा पुरवठा तोडतो. म्हणून गाडी बंद पडत होती. ह्या माणसाने ते तोडणंच बंद केलं.

पुढे चार्जिंगला लावल्यावर डब्याचा एक कोपरा तापू लागला. भोसरीत पॅक बांधणाऱ्या ओळखीच्या दादांकडे तो उघडला. बोर्ड जुनाच, आणि त्यावर बी-मायनसपासून (सेलकडचं ऋण टोक) पी-मायनसपर्यंत (बाहेर जाणारं ऋण टोक) जाड काळी वायर टाकून डाग दिलेला, म्हणजे बोर्डाने तोडलं तरी वीज वायरीतून चालूच. तापणाऱ्या गटातले दोन सेल वेगळ्या रंगाचे, टोकांवर आधीच्या स्पॉट वेल्डिंगच्या खुणा. म्हणजे कुठल्यातरी भंगार पॅकमधून काढलेले.

दादांनी चार्जर चालू ठेवून मल्टिमीटर लावला. एकूण 54.6 व्होल्ट, अगदी हवे तेवढेच. मग बॅलन्स कनेक्टरवर, म्हणजे प्रत्येक गटाची तार जिथे येते तिथे, एकेक गट मोजला. बारा गट 4.18 च्या आसपास, तेरावा 4.38! ह्या सेलला 4.2 च्या वर न्यायचंच नसतं. बाहेरून एकूण व्होल्टेज पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, आणि चार्जरलाही कळत नाही.

तासाभराच्या बॅलन्सिंगचं म्हणाल, तर साधा बीएमएस भरलेल्या गटातला जादा चार्ज रेझिस्टरमधून जिरवतो, तोही बहुधा काही दहा मिलिअँपियरने. 20 अँपियर-अवरच्या पॅकमध्ये पाच टक्के फरक असेल तर 50 मिलिअँपियरने तो भरून यायला वीसेक तास हवेत. वेगळं बॅलन्सिंग यंत्र असेल तर वेळ वाचतो, पण मग ते दाखवायला सांगा.

दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं प्रत्येक गटाचं व्होल्टेज लिहून मागा. पॅक बंद करण्यापूर्वी बोर्डाचा फोटो काढू द्या म्हणा, जुने सेल आणि जुना बोर्ड परत मागा. पक्कं बिल हवंच. मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार केली आहे, पण बिल नसल्याने माझी बाजू लंगडी पडते. कुणी अशी दुरुस्ती आधीच करून घेतली असेल तर पॅक उघडून तपासेपर्यंत तो घरात चार्जिंगला लावू नका, रात्री तर नाहीच.